संमतीपत्रावर सही करण्याआधी मी बघितलेली मंडईची फाइल

जानेवारी २०२४ च्या मध्यावर नगरपरिषदेचा शिपाई दुकानात नोटीस देऊन गेला. विषय होता ‘भाजी मंडई व व्यापारी संकुल पुनर्विकास’. गाळेधारकांनी पंधरा दिवसांत सोबतच्या नमुन्यात संमतीपत्र द्यावं, सांगितल्यावर गाळा रिकामा करावा, नवीन इमारत झाल्यावर ‘नियमानुसार’ गाळा देण्यात येईल, असा मजकूर. आम्ही काय काय करायचं ते अगदी ठसठशीत लिहिलं होतं. त्यांनी काय करायचं, त्यासाठी मात्र ‘नियमानुसार’ एवढा एकच शब्द. कुठल्या नियमानुसार, कधीपर्यंत, किती भाड्यानं, काही नाही.

आमचं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान मंडईच्या तोंडाशी आहे, नगरपरिषदेच्या गाळ्यात. नगरपरिषद ब वर्गाची, गाव तालुक्याचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. मला अजून तिथेच धंदा करायचाय, आणि तुमच्या गावाचं नाव घालून वाचलंत तरी फारसं काही अडणार नाही.

सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, नोटीस चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाले, “परत आली का मंडई?”

आमच्या पेठेत उधारी मागायला गेलं की लोक “मंडई झाल्यावर देतो” म्हणतात, इतकी ही गोष्ट जुनी आहे. नव्वदच्या दशकात केंद्राच्या एकात्मिक लहान व मध्यम शहर विकास योजनेतून मंडईचा पहिला आराखडा आला. या योजनेतून महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत नगरपालिकांची व्यापारी संकुलं उभी राहिली. आमच्याकडेही रस्त्याकडेची एक इमारत झाली. तळमजला भाड्यानं गेला, वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढेना. आज तिथे मोडक्या कचराकुंड्या आहेत. मागची मंडई व्हायची राहिली ती राहिलीच. मग २००९ च्या सुमारास ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’चे दिवस आले. बिल्डर फुकट मंडई बांधून देणार आणि वरचे मजले स्वतः विकणार, असं ठरत होतं. ते वर्षभरात विरलं. २०१६ च्या शेवटी निवडणुका झाल्या, तेव्हा नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता. त्या वेळच्या फ्लेक्सवर काचेची मंडई होती, समोर कारंजं होतं आणि एकही मोकाट जनावर नव्हतं. निवडणुकीनंतर नारळ फुटला, कोनशिला बसली. कोनशिला अजून आहे. तिच्या आडोशाला वारा लागत नाही म्हणून चहावाल्यानं तिथे शेगडी मांडलीय.

हे सगळं पाहिलेल्या माणसाला नोटीस वाचून हसूच येणार. पण हसून भागत नव्हतं, कारण खाली सही मागितली होती. नव्वदच्या दशकात मागच्या अंगाच्या काही जणांनी गाळे सोडले होते. त्यांना नाल्याकडेला ‘तात्पुरते’ पत्र्याचे गाळे मिळाले. त्यांची मुलं आता तिथे बसतात. तेव्हा यंदाही हे नुसतं बोलणंच असेल तर सही करण्यात अर्थ नाही, आणि खरंच होणार असेल तर सही न करणारा मागे राहणार. दोन्हीची भीती वाटत होती.

दुकानात एक निवृत्त तलाठी नेहमी येतात. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांना नोटीस दाखवली. ते म्हणाले, “वहिनी, मंडई कधी होणार ते कुणालाच विचारू नका. उत्तर देणारा खोटं बोलेल असं नाही, पण त्यालाही माहीत नसतं. कागद कुठवर आलाय ते विचारा.” मग माझ्याच रफ वहीवर त्यांनी पायऱ्या लिहून दिल्या. आधी जागा कुणाची ते. मग सविस्तर प्रकल्प अहवाल. अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता. प्रशासकीय मान्यता. निधी, आणि त्यात नगरपरिषदेचा स्वहिस्सा किती. मग निविदा. शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारं पत्र. “कार्यादेश नाही तोवर ठेकेदार नाही. ठेकेदार नाही तोवर तुमचा गाळा कशाला रिकामा पाहिजे?”

नोटिशीच्या मुदतीत मी एक साधं पत्र दिलं : संमतीबाबत निर्णय घेण्यासाठी प्रकल्पाची कागदपत्रं पाहायची आहेत, तोपर्यंत मुदत मिळावी. हे प्रत्येकानं करावं. गप्प बसलं की पुढे ‘हरकत नाही’ असं धरलं जाण्याची शक्यता असते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माहितीचे अर्ज केले. त्याआधी मला माहिती अधिकार म्हणजे वर्तमानपत्रात नाव येणाऱ्या लोकांचं काम वाटायचं. प्रत्यक्षात तो एका पानाचा अर्ज असतो. महाराष्ट्रात नमुना ‘जोडपत्र अ’, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही, फक्त दाखला जोडायचा. तहसील कचेरीबाहेर दहाचे स्टॅम्प संपले होते म्हणून मी पाचाचे दोन लावले, चालले. ऑनलाइन पोर्टलवर आमची नगरपरिषद मला सापडली नाही, म्हणून हातानेच दिले.

राज्याच्या नियमात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत अशी अट आहे. त्यामुळे भाऊसाहेबांनी माझ्याकडून तीन वेगळे अर्ज लिहून घेतले. एकात मंडईबाबतचे सर्वसाधारण सभेचे आणि प्रशासकांचे ठराव. दुसऱ्यात अहवाल, अंदाजपत्रकं, मान्यतेची पत्रं आणि सल्लागाराला दिलेली देयकं. तिसऱ्यात जागेच्या मालकीची आणि ताब्याची कागदपत्रं. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘काम का रखडले?’ असं वाक्य होतं, त्यावर त्यांनी काट मारली. कायद्यात कागद मागता येतो, कारण मागता येत नाही. ‘कारण नमूद असलेल्या टिपणीची प्रत द्यावी’ असं लिहिलं की तीच गोष्ट नियमात बसते. आणि कालावधी नक्की लिहायचा, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. नाहीतर ‘मोघम’ म्हणून परत येतो.

आवक-जावकच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, “ठेवून जा मॅडम, शिक्का मारून ठेवतो.” मी हसून तिथेच उभी राहिले. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही, म्हणजे पोच. ती हातात पडल्याशिवाय तिथून हलायचं नाही. पुढचं सगळं त्या तारखेवरून मोजलं जातं.

कायद्यानं उत्तराला तीस दिवस. ठरावांचं उत्तर मुदतीत आलं, इतकी पानं, दर पानाला दोन रुपये, रक्कम भरून न्यावीत. भरली, नेली. तिसऱ्या अर्जाला, म्हणजे जागेच्या, एका ओळीचं उत्तर : सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. ज्या जागेवर पिढ्यान् पिढ्या मंडई भरते, जिच्या ओट्यांची पावती रोज फाडली जाते, त्या जागेचा एकही कागद नगरपरिषदेत नाही! भाऊसाहेब मात्र हे वाचून खूश झाले. “हेच तर उत्तर आहे,” म्हणाले. मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या अर्जाला उत्तरच नाही. विचारायला गेले तोवर लोकसभेची आचारसंहिता लागली होती, १६ मार्चला. “आता चार जूननंतर या मॅडम, सगळा स्टाफ इलेक्शनला आहे.” स्टाफ खरंच नव्हता. पण आचारसंहितेत माहिती अधिकाराची मुदत थांबत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. मुदत टळली की कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते, आणि प्रथम अपिलाला तीस दिवस मिळतात. जूनपर्यंत थांबले असते तर अपिलाची मुदतच गेली असती. मार्चअखेर दोन अपिलं दिली, ‘जोडपत्र ब’, प्रत्येकी वीस रुपयांचा स्टॅम्प.

आता गंमत अशी की आमच्याकडे प्रथम अपिलीय अधिकारी म्हणजे मुख्याधिकारी. २०१६ ला निवडून आलेल्या मंडळाची मुदत २०२१ च्या अखेरीला संपली, ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबत गेल्या, आणि मुख्याधिकारीच प्रशासक झाले. म्हणजे प्रकल्पाचा ठराव करणारे तेच, नोटीस काढणारे तेच आणि माझं अपील ऐकणारेही तेच. मला वाटलं, संपलं. पण सुनावणी मेच्या शेवटी झाली ती अगदी शांतपणे. कार्यालयात कूलरचा आवाज आणि आम्ही चार माणसं. साहेब नवीन होते, त्यांची बदली होऊन काही महिनेच झाले होते. त्यांनी माहिती अधिकाऱ्याला विचारलं, “फाइल कुठंय?” तो म्हणाला, “कपाटात.” “मग दाखवा ना यांना.” आदेश झाला : अर्जदारास अभिलेख पाहू द्यावेत, निवडलेल्या पानांच्या प्रती विनामूल्य द्याव्यात. जागेबाबत मात्र ‘अभिलेख उपलब्ध नसल्याने अपील निकाली’.

सुनावणीला जाताना मुद्दे एका कागदावर लिहून त्याच्या दोन प्रती नेल्या होत्या. एक त्यांना दिली, एकीवर पोच घेतली. बोलताना आवाज कापतो, कागदाचा कापत नाही.

फाइल पाहायला सोमवारी दुपारी बोलावलं. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे तेव्हा स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता यायचे. यासाठी आधी अर्ज, अपील केलंच पाहिजे असं नव्हतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! माहिती अधिकारात फाइल पाहायला पहिला तास फुकट, नंतर दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. माझ्याकडून कुणी मागितले नाहीत.

तो जूनचा पहिलाच पाऊस होता. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं टेबलावर आली, त्यांवरची धूळ क्लार्कनं माझ्याच समोर झटकली. मोबाइलवर फोटो काढू दिले नाहीत. वही आणि पेन्सिल न्या, आणि प्रत हवी त्या पानाचा क्रमांक लिहा. पानांवर क्रमांकच नसतील तर ते घालून मागा. आमच्या फाइलचा अर्धा भाग क्रमांकाविना होता. क्लार्कनं कुरकुरत घातले, पण घातले.

सरकारी फाइल कशी वाचायची ते भाऊसाहेबांनी सांगून ठेवलं होतं. एका बाजूला पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूला टिपण्या. पत्रव्यवहार बाहेरच्यांसाठी असतो, टिपण्यांमध्ये कार्यालय स्वतःशी बोलतं. म्हणून टिपण्या आधी, आणि शेवटच्या पानावरून मागे.

तसं वाचत गेले आणि हळूहळू तीच तीच गोष्ट समोर यायला लागली. सल्लागार नेमला. सर्वेक्षण झालं. अहवाल आला. ठराव ‘सर्वानुमते मंजूर’. (हा शब्द मला दर ठरावात दिसला. एरवी सभेत खुर्च्या फेकणारी माणसं मंडईवर मात्र एकमतानं बोलतात.) अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेला गेलं, मिळाली. प्रस्ताव वर गेला. वरून पत्र आलं : जागेच्या मालकीचा पुरावा सादर करावा. मग नगरपरिषदेचं तहसीलदारांना पत्र. मग एक स्मरणपत्र. मग काहीच नाही. टिपणीवर शेवटची सही, आणि पुढचं पान थेट काही वर्षांनंतरचं. नवी योजना, नवा सल्लागार, नव्या दरसूचीप्रमाणे वाढलेली रक्कम, आणि मुखपृष्ठावर नवं रंगीत चित्र.

बांधा-वापरा-हस्तांतरित कराच्या वेळी तर इच्छुक ठेकेदाराच्या वकिलानंच विचारलं होतं की जागा तुमच्या नावावर आहे का. २०१७ सालच्या मंजुरीच्या पत्रात स्पष्ट अट होती, जागा नगरपरिषदेच्या मालकीची व ताब्यात असल्याची खात्री करूनच काम सुरू करावं. ती अट लाल पेननं अधोरेखित केलेली होती. कुणी तरी वाचली होती, रेघ मारली होती आणि पान उलटलं होतं. नारळ त्याच्या नंतर फुटला.

मी घोटाळा सापडेल या तयारीनं गेले होते, खोटं कशाला सांगू. पेठेत प्रत्येकाची खात्री होती की पैसे खाल्ले. फाइलमध्ये सल्लागारांची बिलं होती. दर खेपेला नवा अहवाल, दर खेपेला शुल्क, आणि आधीचा अहवाल नव्याला जोडलेलाही नाही. हा पैसा आपलाच गेला आणि त्याचा राग येतोच. पण तो नियमात बसवून गेलेला. बाकी पैसे खायला आधी यावे लागतात, ते आलेच नव्हते. गावातल्या गावात दीड किलोमीटरवरच्या तहसील कचेरीतून एक उत्तर आणायचं होतं, ते कुणी आणलं नाही. आणायला दोन-तीन वर्षं लागली असती. मुख्याधिकाऱ्याची बदली त्याआधी होते, नगराध्यक्षाला पुढची निवडणूक दिसत असते. जागा नावावर करून घेण्याचा फ्लेक्स लागत नाही, चित्राचा लागतो. माझं मत असं झालं की आमच्या गावात मंडईचं आश्वासन देणारे सगळे त्या क्षणी मनापासून बोलत असावेत. त्यानं माझा अविश्वास कमी झाला नाही, उलट त्याला बोट ठेवायला जागा मिळाली.

जागेचं कोडं पुढे महिन्याभरात सुटलं. सिटी सर्व्हे झालेल्या भागाची मिळकत पत्रिका, म्हणजे जागा कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा उतारा, ‘महाभूमी’च्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीसह मिळते. सिटी सर्व्हे नंबर माहीत हवा, तो आमच्या फाइलमधल्या नकाशावर होता. नंबर दोन निघाले. पुढच्या भागावर धारक म्हणून नगरपरिषद, आणि मागच्या मोठ्या भागावर ‘सरकार’. अण्णांना विचारलं तर ते सहज म्हणाले, “ती जुन्या कचेरीची जागा ना, तिथं मामलेदाराला भेटायला आलेल्यांच्या बैलगाड्या सुटायच्या.” नव्वदच्या दशकात पुढची इमारत का झाली आणि मागची का नाही, हे त्या दोन पानांत होतं. सरकारी जागा नगरपरिषदेला मिळू शकते, पण जमीन महसूल संहितेप्रमाणे तिचा वेगळा प्रस्ताव तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी असा चढत जावा लागतो. तो आजवर कुणी पूर्ण केला नव्हता.

नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशाही घेतला. त्यात मंडईचं आरक्षण व्यवस्थित होतं. आरक्षण आहे म्हणजे जागा नगरपरिषदेची झाली असं नसतं, हे मला साठीच्या घरातल्या एका माजी नगरसेवकाला समजावून सांगावं लागलं.

नव्या अहवालातली अजून एक गोष्ट मला खटकली आणि ती आमच्या गाळ्यांपेक्षा मोठी आहे. नकाशात गाळे मोजून होते, पण मंडईबाहेर रस्त्यावर बसणाऱ्या, सकाळच्या एसटीनं पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांसाठी ओटे फारच थोडे दाखवले होते. पथविक्रेता अधिनियम २०१४ चा आहे. त्यात दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समिती सांगितलीय, समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले. अहवालात त्या सर्वेक्षणाचा उल्लेख नव्हता. यांतल्या बऱ्याच जणींनी कोरोनानंतर पीएम स्वनिधीचं दहा हजारांचं कर्ज घेतलेलं, त्यासाठीची कागदपत्रं याच नगरपरिषदेतून झालेली, म्हणजे कर्जाच्या यादीत त्या आहेत आणि मंडईच्या नकाशात नाहीत. आमच्या दारासमोर मेथी-शेपू घेऊन बसणाऱ्या मावशींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “बाई, आमची मंडई रस्त्यावरच हाय. तुमची व्हईल तवा बघू.”

ऑगस्टमध्ये मी संमतीपत्र दिलं, पण माझ्या शब्दांत. प्रकल्पाला विरोध नाही हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण ‘विकासाच्या आड येणारी’ हा शिक्का बसला की पुढचं कुणी वाचत नाही. मग अटी : मागच्या जागेचा ताबा मिळाल्याचं पत्र, कार्यादेशाची प्रत, पर्यायी गाळ्याचं ठिकाण आणि नव्या गाळ्याच्या हक्काचा ठराव क्रमांकासह, आणि पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणानुसार ओट्यांची संख्या. हे हाती आल्यावर तीस दिवसांत गाळा रिकामा करेन. सोबत मिळकत पत्रिकांच्या प्रती. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेला रजिस्टर पोस्टानं.

तीच पत्रं इतर गाळेधारकांना काढून दिली. निम्म्यांनी सही केली. बाकीच्यांची अडचण मला कळते. आमच्यातल्या पुष्कळांच्या भाडेपट्ट्याची मुदत संपलेली आहे, नूतनीकरण प्रलंबित आहे, आणि ज्याच्या हातात ते आहे त्यालाच पत्र द्यायचंय. समोरच्या कापडवाल्या काकांनी तर आधीच्याच महिन्यात मूळ संमतीपत्रावर सही करून टाकली होती. “वहिनी, सही केली काय, नाही केली काय, मंडई थोडीच होतीय,” म्हणाले. अविश्वास इतका पक्का झाला की माणूस काहीही सही करतो, हे मला त्या दिवशी दिसलं आणि जरा भीती वाटली.

माझ्या पत्राला उत्तर आलं, ‘आपले निवेदन प्राप्त झाले असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’. गाळा रिकामा करण्याची पुढची नोटीस मात्र आली नाही. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, त्याच्या तोंडावर ‘मंडई परिसर सुशोभीकरण, टप्पा १’ असा फलक लागला आणि पुन्हा नारळ फुटला. टप्पा १ म्हणजे पेव्हर ब्लॉक. ते पुढच्या, नगरपरिषदेच्या नावावरच्या जागेतच बसवले, मागे एकही नाही. बहुतेक या वेळी कुणीतरी मिळकत पत्रिका वाचली होती.

जागेच्या अर्जाबाबत मी राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे द्वितीय अपील केलं. प्रथम अपिलाच्या निकालानंतर नव्वद दिवसांत, ‘जोडपत्र क’, वीस रुपयांचा स्टॅम्प. ऑगस्ट २०२४ मध्ये पाठवलं, हे लिहीपर्यंत सुनावणीची तारीख आलेली नाही. तिथे अपिलांचा ढीग आहे. कायद्यात माहिती न देणाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड आहे हे खरं, पण त्याच्या भरवशावर निर्णय अडवून ठेवू नका. मला जे हवं होतं ते मधल्या वाटेनं मिळालं. स्टॅम्प, प्रती, मिळकत पत्रिका, पोस्ट असा सगळा खर्च हजाराच्या आत राहिला. दुकान सोडून जायला लागायचं तो खर्च वेगळा, आणि त्या वेळी काउंटर सांभाळणाऱ्या अण्णांची बोलणी त्याहून वेगळी.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितल्या, आणि २ डिसेंबरला मतदान झालं. प्रचारात मंडई होतीच. या वेळी चित्र हलतं होतं, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरत होता, ड्रोन मंडईच्या आत शिरून टोमॅटोवरून जायचं. दुकानात प्रचाराला आलेल्या प्रत्येकाला मी मागच्या सिटी सर्व्हे नंबरचं काय झालं ते विचारलं. दोघांनी “सगळं क्लिअर आहे” म्हणून सांगितलं. एकानं “बघून सांगतो” म्हटलं, तो परत आला नाही. आमच्या प्रभागातून उभ्या राहिलेल्या एका बाईंनी मात्र नंबर डायरीत लिहून घेतला.

निकाल २१ डिसेंबरला लागले. त्या बाई निवडून आल्या. जानेवारीत त्या दुकानात आल्या, जरा अवघडून. नगरपरिषदेत मंडईची फाइल मागितली होती, ‘शोधून देतो’ असं उत्तर मिळालं होतं. “ताई, तुमच्याकडे सगळा सेट आहे म्हणे. मला एक झेरॉक्स द्याल का? जागेचा प्रस्ताव पहिल्या सभेत घ्यायचा म्हणतेय.”

मी सेट काढून दिला, पानांवर क्रमांक घालून. पैसे घेतले नाहीत. पोच घेतली.